विभागीय चौकशी, भाग ३

मुलांना वाचनाची गोडी कशी लावावी, यावर गावोगाव व्याख्यानं होतात. तक्ते दाखवतात, चहा देतात. मला त्या वक्त्यांना एकच विचारायचं असतं : तुमच्या घरी पुस्तक लपवायला जागा आहे का?

आमच्या घरी होती. अण्णा पंचायत समितीत हेडक्लार्क. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांनी पोरं वाया जातात, हे त्यांचं जाहीर मत. अर्नाळकरांनी हजाराच्या वर पुस्तकं लिहिली, त्यामुळे वाया जायला वाव भरपूर होता. अण्णा स्वतः मात्र ती पुस्तकं वाचनालयातून इमानेइतबारे आणायचे. आम्हाला पत्ता लागू नये म्हणून जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर घालायचे, कोरी बाजू वर, आणि त्यावर टाकाच्या ठसठशीत अक्षरात : ‘विभागीय चौकशी नियमपुस्तिका, भाग ३’. आत झुंजार, नाहीतर काळापहाड.

चौथीत असताना मी भाग ३ उघडला. अण्णांनी अगदीच खोटं लिहिलं होतं असं नाही. आत चौकशीच चालू होती, फक्त पिस्तूल रोखून. मग भाग ५ झाला, भाग ८ झाला. ओटीवर बसून मी नियमपुस्तिका वाचतोय हे बघून शेजारचे काका म्हणाले, “हेडक्लार्कसाहेब, तुमचा मुलगा बीडीओ होणार!” अण्णांची पंचाईत झाली. खरं सांगावं तर स्वतःचं पितळ उघडं पडतं, न सांगावं तर पोरगं वाया जातं. काका गेल्यावर ते घसा खाकरून म्हणाले, “कळतात का नियम?”

“कळतात.”

“मग शनिवारच्या आत संपव. परत करायचंय.”

वाचनाबद्दल त्यांनी मला आयुष्यात केलेला उपदेश तो एवढाच.

आईचा कारभार उघड होता. साने गुरुजींचं ‘श्यामची आई’ ती पदर डोळ्यांना लावून मोठ्याने वाचून दाखवायची. १९३५ साली निघालेलं हे पुस्तक मराठी घरांत संस्कारांचं म्हणून ओळखलं जातं, पण आमच्याकडे त्याचे परिणाम संमिश्र झाले. आंघोळ झाल्यावर तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम आईला लुगड्याचे ओचे पसरायला लावतो, ते ऐकून धाकट्याने दुसऱ्या दिवशी न्हाणीघराच्या दारात उभं राहून “आई, ओचे पसर” अशी आरोळी ठोकली. पुस्तकातल्या आईने ओचे पसरले होते. आमच्या आईने ओल्या पाठीत धपाटा घातला.

पण खरी गंमत मासिकांची. वाचनालयाचा माणूस सायकलच्या हँडलला पिशवी अडकवून यायचा, जुना अंक घेऊन नवा द्यायचा. वाचून व्हायच्या आत तो आला तर अंक हातचा जाणार, म्हणून घरात रीतसर पाळ्या लागत. आईची दुपारची, अण्णांची रात्रीची. मधल्या फटीत जो झडप घालील त्याची तिसरी. दिवाळीत तर महायुद्ध. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हा त्यापायी घराघरांत किती भांडणं होतील याची त्यांना कल्पना नसणार. त्यात आधीच्या कुणा वाचकाने रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर पेन्सिलीने लिहिलेलं असे : ‘खून माळ्याने केला.’ अण्णा खोडरबर घेऊन बसायचे, पण पुसण्याआधी वाचल्याशिवाय राहवायचं नाही.

एकूण काय, आमच्या घरी कुणीही कुणाला वाच म्हटलं नाही. ताटात बघ म्हटलं, दिवा मालव म्हटलं, डोळे फुटतील म्हटलं.

आता आम्ही सुजाण पालक झालोय. सुताराकडून लेकीच्या उंचीची फळी करून घेतली, पुस्तकं रंगवार लावली. डॉ. अब्दुल कलामांच्या जयंतीला, १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिन असतो. त्या दिवशी शाळेच्या ग्रुपवर पुस्तक हातात धरलेल्या मुलांचे फोटो टाकायचे असतात. गेल्या वेळी लेकीचा फोटो छान आला. पुस्तक उलटं होतं. आईबापांनी मिळून शंभरेक अंगठे दाखवले, एकाच्याही लक्षात आलं नाही.

अण्णांना हे कळलं तेव्हा त्यांनी जुना उपाय काढला. एका पुस्तकाला कव्हर घालून ते कपाटावर ठेवलं आणि घरभर ऐकू जाईल असं बजावलं, “हे पोरीच्या हाती लागता कामा नये!” लेक म्हणाली, “बरं, आजोबा,” आणि कार्टून बघायला गेली. अण्णा दोन दिवस गप्प होते. आज्ञाधारक मुलं हे मराठी वाचनसंस्कृतीपुढचं सगळ्यात मोठं संकट आहे, असं माझं मत तेव्हापासून झालंय.

शेवटी काम झालं ते करपलेल्या डाळीने. बायकोला माळ्यावर भा. रा. भागवतांचं फास्टर फेणे सापडलं. कुकर लावून ती ओट्याला टेकून वाचू लागली आणि शिट्ट्या मोजायची विसरली. ही बाई शेजारच्यांच्या कुकरच्या शिट्ट्यासुद्धा मोजते. घरभर वास सुटला तशी लेक धावत आली. “आई, डाळ! काय वाचतेस एवढं?”

“थांब जरा, बन्या संकटात आहे.”

“कोण बन्या?”

“सांगते म्हटलं ना! एवढं पान होऊ दे.”

पान झालं, दुसरं झालं, सांगणं काही होईना. मग लेकीने पुस्तक ओढलं. दोघींची झटापट झाली, एक पान फाटलं, आणि त्या रात्री आम्ही पिठलं-भात खाल्ला. बायकोने हे मुद्दाम केलं असेल, अशी शंका अण्णांना आहे. मला नाही. तिला डाळ वाया गेलेली खपत नाही.

आता घरात जेवताना, अभ्यासाला बसताना, पाहुण्यांसमोर, कधीही बन्याचं “ट्टॉक!” ऐकू येतं. फुरसुंगीचा बनेश फेणे झोपेतही सोबतीला असतो. १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर फुकट ठेवलेत, तेही तिने शोधून काढले. परवा मीच ओरडलो, “आता दिवा मालव!”

अडचण एकच उरलीय. ‘जंगलपटात फास्टर फेणे’ आमच्याकडून कुणीतरी ‘उद्या देतो’ म्हणून नेलंय, आणि लेकीने त्याच्यासाठी घर डोक्यावर घेतलंय. खालचा कोपरा उंदराने कुरतडलेला आहे, एवढी खूण. तुमच्या घरी असेल तर पहाटे आमच्या दारावरच्या दुधाच्या पिशवीत टाकून जा. नाव विचारणार नाही.