आपले नम्र

आमच्या गावात नम्ररावांइतका नम्र माणूस दुसरा नाही. ही माहिती त्यांनीच दिली. त्यांचं खरं नाव वेगळं आहे, पण निमंत्रणपत्रिकेच्या तळाशी 'आपले नम्र' या शब्दांखाली ते इतक्या ठळक टायपात असतं की कार्यक्रम कसला आहे हे शोधावं लागतं.

सभेला ते शेवटच्या रांगेत बसतात. मात्र कडेच्या खुर्चीवर, म्हणजे बोलवायला येणाऱ्याची अडचण होत नाही. पहिलं बोलावणं आलं की हात जोडून म्हणतात, "नको, इथंच बरा आहे." दुसऱ्या वेळी छातीवर हात ठेवून नुसती मान हलवतात. तिसऱ्यांदा खुद्द अध्यक्ष माइकवरून नाव घेतात. मग सगळ्या माना मागे वळल्याची खात्री करून नम्रराव उठतात आणि मधल्या वाटेनं, दोन्हीकडे नमस्कार करत, अंग चोरून पुढे येतात. पहिल्या रांगेत बसले असते तर चार पावलांत काम झालं असतं, आणि कुणी पाहिलंही नसतं.

"मी काय बोलणार? माझ्यापेक्षा मोठी माणसं इथं बसली आहेत," ही सुरुवात. मोठी माणसं पुढे पाऊण तास बसून राहतात. नंतर सत्कार. शाल घेताना ते कमरेत पुरते वाकतात, चेहरा मात्र फोटोग्राफरकडे असतो. घरी करून पाहा, जमत नाही.

२३ फेब्रुवारीला, गाडगेबाबांच्या जयंतीला, ते झाडू हातात घेतात. बाबा गावात शिरले की आधी गाव झाडायचे, मग रात्री कीर्तन करायचे. कुणी पाया पडू लागलं तर चिडायचे. यातला झाडू तेवढा नम्ररावांनी उचलला. रस्ता सकाळीच झाडून झालेला असतो, त्यामुळे फोटोपुरता पाला आणून टाकावा लागतो. बाबांनी पंढरपूर, नाशिक अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. नम्ररावांनी एस्टी थांब्यावर एक बाक दिला आहे. पाठीवर लिहिलंय, 'एका सामान्य माणसाकडून'. खाली नाव, पत्ता आणि मोबाइल नंबर.

आषाढीच्या वारीत मात्र त्यांचा जीव रमला नाही. एक टप्पा चालून परत आले. तिथं सगळेच एकमेकांच्या पाया पडतात. सत्तरीची म्हातारी नातवाच्या वयाच्या पोराला 'माऊली' म्हणते, आणि तिच्या पायावर डोकं ठेवणारा डॉक्टर आहे की हमाल हे कुणी विचारत नाही. हे वाकले तेव्हा समोरचा आधीच वाकलेला, डोक्याला डोकं लागलं. अशा गर्दीत यांची नम्रता दिसणार कुणाला?

खरा घात केला तो गणेश मंडळाच्या नव्या चिटणीसानं. पोरगा सरळ. वार्षिक सभेत अध्यक्षपदासाठी नाव सुचवल्यावर नम्रराव नेहमीप्रमाणे म्हणाले, "मला पद नको. मी साधा कार्यकर्ता." पोरानं इतिवृत्तात लिहिलं, 'यांनी पद नाकारले', आणि पुढचा विषय घेतला: मांडवाचं भाडं. वर, शब्दाला जागून, साध्या कार्यकर्त्यांच्या यादीत नाव घालून त्यांना विसर्जनाला ट्रॅक्टरमागे दोर धरायला लावलं. पावती पुस्तकही दिलं. नम्रराव ते दहा दिवस कुणाशी बोलले नाहीत. मांडवात येऊन आरती केली, प्रसाद घेतला नाही. वहिनी सांगत होत्या, घरात रोज एकच वाक्य: "मी कोण आहे हे त्या पोराला कळायला नको?"

प्रश्न रास्त आहे. 'मी कोणी नाही' असं गावभर सांगत फिरण्यात त्यांनी उभं आयुष्य घालवलं. कुणी विश्वास ठेवील असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

यंदा ते प्रमुख सल्लागार आहेत. चिटणीस बदलला. तुमच्या मंडळात असे गृहस्थ असतील तर पहिलं 'नको' लिहून घेऊ नका, दुसऱ्याकडेही दुर्लक्ष करा. तिसऱ्याला हार तयार ठेवा.