सोळा इंची अण्णा

कोल्हापूरच्या राजारामपुरीतले काही आई-बाप दरवर्षी सहा महिन्यांसाठी अमेरिकेला जातात. येताना बदाम आणतात, चॉकलेटं आणतात, बीपी मोजायचं यंत्र आणतात आणि 'तिकडं कुणी हॉर्न वाजवत नाही' ही बातमी आणतात. हा माल आठ-दहा दिवस पुरतो. मग माणूस पुन्हा मिसळीच्या रांगेत उभा राहतो आणि अमेरिका उतरते. आमच्या गल्लीतल्या अण्णांची उतरली नाही. ते मिनेसोटाहून एक मोजपट्टी घेऊन आले.

पट्टी पिवळी, पंचवीस फुटी. तिच्यावर दर सोळा इंचांना लाल खूण. 'ही खूण कशाची हो?' असं विचारणारा गल्लीतला पहिला माणूस मी. चूक झाली. दुपारचे चार वाजले होते; सुटलो तेव्हा समोरच्या मारुतीच्या देवळात आरती चालली होती.

अण्णांनी सहकारी बँकेत चौतीस वर्षं काढली. या काळात हातानं केलेलं सर्वांत कष्टाचं काम म्हणजे मार्चअखेरीचे शिक्के मारणं. घरात कॅलेंडरला खिळा ठोकायचा असला तर काकू ठोकायच्या. अण्णा स्टूल धरायचे, तेसुद्धा एका हातानं, कारण दुसऱ्या हातात पेपर असायचा. असा हा माणूस एप्रिलमध्ये स्वेटर आणि माकडटोपी घालून मिनेसोटात उतरला आणि पाहतो तो काय, मुलगा अंगणात दोऱ्या बांधत होता. हिवाळाभर उघड्यावर राहून मुलाच्या गाडीची बॅटरी मेली होती. रोज सकाळी आधी बर्फातून गाडी शोधायची, मग ऑफिसला जायचं. तिकडं मजुरी ऐकली की घाम फुटतो, थंडी असो नसो. म्हणून मुलानं ठरवलं, गॅरेज आपणच बांधायचं, लाकडाचं. मुलगा संगणकवाला, बाप बँकवाला. दोन नवशिके आणि मध्ये एक विजेवर चालणारी करवत. काकूंनी तो उन्हाळा कसा काढला ते त्यांनाच ठाऊक.

पहिलं भांडण लाकडाच्या दुकानात झालं. 'टू बाय फोर' नावाचं लाकूड घेऊन आल्यावर अण्णांनी सवयीनं हिशोब तपासला. पट्टी लावली, तर माल भरला दीड बाय साडेतीन इंच. चौतीस वर्षांत एका रुपयाचा फरक सोडला नाही तो माणूस अर्धा-अर्धा इंच कसा सोडणार? गेले परत. काउंटरवरच्या पोरानं शांतपणे सांगितलं की दोन बाय चार हे कच्च्या कापणीचं माप; लाकूड वाळवून, रंधून झालं की दीड बाय साडेतीन उरतं, आणि हे सगळ्या देशाला माहीत आहे. अण्णा म्हणाले, 'आमच्याकडं याला माप मारणं म्हणतात.' मुलानं याचं भाषांतर केलं नाही.

दुसरा धक्का पायाचा. कोल्हापूरच्या माणसाला दोन आकडे झोपेतसुद्धा पाठ असतात, 39 आणि 43. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा एकोणचाळीस फुटांवर आली की इशारा, त्रेचाळीसवर धोका. अण्णा तिकडून बेचाळीस घेऊन आले, पण इंच. मिनिआपोलिसच्या बाजूला घराचा पाया निदान बेचाळीस इंच खोल न्यावा लागतो, उत्तरेकडं साठ. हिवाळ्यात तेवढ्या खोलीपर्यंत जमीन गोठते. मातीतलं पाणी गोठलं की फुगतं, फुगलं की वरचं बांधकाम उचलतं, आणि वसंतात वितळलं की वाकडंतिकडं खाली सोडतं. अण्णांनी हे सगळं वहीत लिहून घेतलं, एक फावडं स्वतःसाठी निवडलं आणि खणायला कंबर कसली. तेवढ्यात नियमांच्या पुस्तकात निघालं की घरापासून सुटं, एकमजली गॅरेज असेल आणि खाली दलदलीची माती नसेल, तर एवढ्या खोल पायाची गरजच नाही. काँक्रीटची लादी कडेला जाड करून ओतायची आणि जमिनीवर टेकवायची. जमीन फुगली तर अख्खं गॅरेज एकसंध वर जातं, पुन्हा खाली बसतं. याला म्हणायचं फ्लोटिंग स्लॅब. अण्णांनी फावडं खाली ठेवलं ते जड मनानं.

पण ज्या दिवशी भिंत उभी राहिली तो दिवस त्यांच्या आयुष्यातला सोन्याचा. लग्नाचा दिवस दुसरा, असं काकूंच्या देखत म्हणतात. आपल्याकडं भिंत खालून वर चढते, विटेवर वीट. तिकडं ती आधी आडवी निजवतात. लादीवर खालची पट्टी, वरची पट्टी, मधे सोळा-सोळा इंचांवर उभे टेकू, सगळं निजल्या जागी ठोकायचं. आणि सोळाच का? तर प्लायचा तक्ता असतो आठ बाय चार फूट, म्हणजे शहाण्णव इंच आणि अठ्ठेचाळीस. सोळानं दोन्हीला नि:शेष भाग जातो. तक्ता उभा लावा, आडवा लावा, त्याची कड बरोबर एका टेकूच्या मध्यावर येते. हे सांगताना अण्णांचा चेहरा ताळेबंद जुळल्यासारखा होतो.

मग ती निजलेली भिंत उचलायची. चोवीस फूट लांब. शेजारची चार-पाच धिप्पाड माणसं मदतीला आली. ओळीनं उभी राहिली, वाकली, आणि कुणी काही बोलेना. मिनेसोटाचा माणूस एरवीच कमी बोलतो. एवढं वजन उचलायचं आणि आवाज नाही? चैत्री यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठीला हात लावलेल्या माणसाला हे सहन होईना. अण्णा गरजले, 'जोतिबाच्या नावानं…' आणि पुढचं 'चांगभलं' एकट्या मुलाच्या तोंडून आलं, तेही लाजत. भिंत गुडघ्यापर्यंत. दुसऱ्या वेळी शेजाऱ्यांनीही काहीतरी म्हटलं. भिंत कमरेपर्यंत. तिसऱ्या वेळी अख्खी गल्ली 'चँगबलँ' म्हणाली आणि भिंत लादीतल्या बोल्टांवर जाऊन खट्‌कन बसली. मुलानं त्याचा व्हिडिओ पाठवला आहे. गल्लीत तो न पाहिलेला माणूस फक्त पोस्टमन, आणि त्यालाही परवा अण्णांनी सावलीत बसवलं.

ऑक्टोबरात परत आल्यावर त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल तर हॉलच्या भिंतीवर बोटाच्या पेरांनी टकटक. फोटो लावायचा होता. आतला टेकू शोधत होते. तिकडच्या भिंती पोकळ, टेकूवर आलं की आवाज बदलतो. राजारामपुरीतली भिंत चौदा इंची विटांची. पेरं सोलवटली. काकूंनी हातोडी आणली, खिळा ठोकला आणि विचारलं, 'झालं?'

मग गाडीचा विषय निघाला. अण्णांची जुनी मारुती आठशे अंगणात अशोकाच्या झाडाखाली उभी असते आणि पक्ष्यांना ती फार आवडते. अण्णांनी जाहीर केलं, गॅरेज बांधणार. लाकडाचं. मिस्त्री आले. गल्लीतली निम्मी दारं-खिडक्या त्यांच्या हातची. ते म्हणाले, 'आवो अण्णा, दोन बाजूनं विटा घालू, वर पत्रा टाकू, आठ दिसात गाडी आत. ह्यो खटाटोप कशापायी?'

'मिस्त्री, आपण फ्लोटिंग स्लॅब करणार.'

'म्हंजी?'

'तरंगती लादी.'

मिस्त्रींनी पान थुंकलं आणि गंभीरपणे विचारलं, 'पुरात?' राजारामपुरी उंचावर, इथं पूर येत नाही. पण पुराचा विषय येतोच. पुढचा अर्धा तास अंगणात जमलेल्या सगळ्यांनी मिळून ते गॅरेज जयंती नाल्यातून पंचगंगेला, तिथून नृसिंहवाडीला कृष्णेत आणि शेवटी कर्नाटकात सोडलं. दत्ताच्या देवळापाशी थोडं अडकेल, यावर एकमत झालं.

अण्णांनी तरी जमीन कशी फुगते ते समजावलंच. मिस्त्रींनी ऐकून घेतलं. म्हणाले, 'आमच्याकडं काळी माती बी त्येच करती की. पावसात फुगती, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेग पडती. म्हणून तर मुरूम लागस्तोवर खणायचं.' अण्णा क्षणभर गप्प झाले. मग वही काढून त्यांनी 'मुरूम' असं लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

लाकडावरून पुन्हा जुंपली. अण्णांना पाइन हवं होतं. ते शिरोलीच्या एमआयडीसीत यंत्रांच्या फोडलेल्या पेट्यांतून मिळालं. मिस्त्री म्हणाले, हे लाकूड वाळवीला म्हणजे जावयाला सासुरवाडी. तिकडं खालच्या पट्टीला तांब्याचं औषध पाजलेलं हिरवट लाकूड वापरतात, अण्णांनी सांगितलं. इथं मिस्त्रींनी उद्यमनगरातून जळक्या ऑइलचा डबा आणला. छपराला बर्फाचं वजन धरायचं की नाही यावर एक संध्याकाळ गेली. कोल्हापुरात पारा पंधरावर आला की लोक शेकोटी पेटवतात, हे लक्षात घेऊन बर्फ वगळण्यात आला. उतार मात्र जास्तच ठेवला, कारण पावसाबद्दल दोघांचं दुमत नव्हतं.

एकदाच मी अण्णांना थक्क झालेलं पाहिलं. वासे निवडताना मिस्त्री प्रत्येक लाकूड उचलून डोळ्यापाशी धरत, एक डोळा मिटून लांबवर बघत आणि 'पाठ वर' म्हणून बाजूला ठेवत. कुठलंही लाकूड थोडं कमानीसारखं असतं. कमान वर ठेवली की वजनानं सरळ होतं, खाली ठेवली की झोळ पडतो. अण्णांनी हे शिकायला चाळीस मिनिटांचा व्हिडिओ तीनदा पाहिला होता.

'तुम्ही हे कुठं शिकलात?'

'शिकायचं काय त्यात? बानं कानाखाली मारून सांगितलंय.'

गॅरेज मे महिन्यात उभं राहिलं. भिंत निजवून बांधली, गल्लीनं उचलली, आणि या वेळी चांगभलं बरोबर म्हटलं गेलं. समोर दोन फळ्यांचं मोठं दार, बाजूला तिकडच्यासारखं माणसापुरतं छोटं दार. मोठ्या दाराच्या फटी अण्णांनी स्वतः नेमक्या ठेवल्या. नाणंसुद्धा जाणार नाही इतक्या. मिस्त्री म्हणाले होते, बोटभर सोडा. अण्णांनी ऐकलं नाही. गाडी आत घातली, नारळ फोडला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला आणि लाकूड पाणी पिऊन फुगलं. मोठं दार असं बसलं की चौघांनी ढकलूनही हललं नाही. मिस्त्रींनी बाहेरून दोन ठोके मारून बघितलं आणि सांगितलं, 'दसऱ्यापत्तोर आटंल. खंडेनवमीला गाडीची पूजा हाय न्हवं? तवा काढू.'

अण्णा मुळीच खचलेले नाहीत. जेवण झालं की छोट्या दारानं आत जातात, गाडीत बसतात आणि काच खाली करून 'पुढारी' वाचतात. छताचा एक थेंबही अंगावर येत नाही, हे खरं. चहा हवा असला की हॉर्न वाजवतात, एकदा. परवा मोठी सर आली तेव्हा तो दोनदा वाजला. काकूंनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडून सांगितलं, बेसन संपलंय.