शून्य जाडीचा थर

लाइन आळीतल्या आमच्या ऑफिसात त्यांना सगळे जॉइनराव म्हणतात. खरं आडनाव पगारपत्रकात असेल. रेव्हिट या इमारतींचं मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरमध्ये छप्पर, सिलिंग आणि भिंत यांचे थर जिथे भेटतात तिथे एक आगाऊ रेघ राहिली तरी या गृहस्थांना जेवण जात नाही. डबा उघडा, बटाट्याची भाजी गार, आणि हे माउसचं चाक फिरवत त्या कोपऱ्यात आणखी आत शिरलेले.

"मटेरियल एकच दिलं की मधली रेघ जाते रे," असं नव्या पोरांना शिकवतात. "आणि थरांचा मान ओळखा. स्ट्रक्चर एक नंबर, शेवटचं फिनिश पाच नंबर. स्लॅब आला की प्लास्टरनं सरकून बसायचं." लग्नघरात पंगत बसवणाऱ्या काकांचा सूर अगदी हाच.

एकदा स्क्रीनवर इशारा आला, की हे घटक जोडलेले आहेत, पण एकमेकांना छेदत नाहीत. जॉइनराव मागे रेलले. "आमचा वाडा! प्रॉपर्टी कार्डावर मी आणि थोरले शेजारी शेजारी. बोलणं दहा वर्षं बंद."

त्या वाड्यावर अजून मंगलोरी कौलं आहेत. दर मे महिन्यात गडी वर चढतो, सरकलेली बसवतो, फुटकी बदलतो. घर गळत नाही. जॉइनरावांच्या लेखी मात्र ते 'लूज मॉडेल'.

नेऱ्याकडच्या एका बंगल्याचा त्यांचा सेक्शन, खोटं कशाला बोला, देखणाच होता. ए-थ्रीवर काढून त्यांनी तो टेबलाच्या काचेखाली ठेवला होता. जुलैत मालकांचा फोन आला. हॉलच्या पीओपीवर सकाळी चपातीएवढा डाग होता, आता परातीएवढा झालाय.

एका हातात छत्री, दुसऱ्यात लॅपटॉप घेऊन जॉइनराव साइटवर पोचले. मी मागे. पीओपी फोडलेलं, खाली दोन बादल्या, मिस्त्री घोड्यावर उभा.

"हे बघ, एक रेघ सुटलेली नाही," जॉइनरावांनी लॅपटॉप वर धरला.

मिस्त्रीनं वाकून बघितलं. "साहेब, यात वॉटरप्रूफिंग किती एमएमचं धरलंय?"

"मेम्ब्रेनला जाडी देता येत नाही. रेव्हिटात तो थर शून्याचाच ठेवावा लागतो."

मिस्त्रीनं ओल्या स्लॅबवरून बोट फिरवलं.

"मग ठेकेदारानं बरोबर तेवढंच मारलंय."