सायलेन्सरमागची पंचायत

पेठ नाक्यावर चहाला थांबलेली एखादी गाडी पुन्हा सुरू होताना निळसर धुराचा लोट सोडते आणि मालकाने गिअर टाकायच्या आत निदान झालेलं असतं. ‘टर्बो गेला, सायेब.’ सांगणारा कधी चहावाला असतो, कधी शेजारच्या टेम्पोचा क्लीनर, तर कधी काहीच काम नसलेला एखादा सज्जन. फी कुणी मागत नाही. खर्चाचा आकडा मात्र प्रत्येक जण सांगतो आणि तो माणसागणिक वाढत जातो.

या आत्मविश्वासाला इतिहास आहे. साताऱ्यात धनजीशा कूपर यांचा उद्योग 1922 पासूनचा; हेच कूपर 1937 मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे प्रीमियरही होते. आजच्या सांगली जिल्ह्यात, औंध संस्थानच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली कारखाना आणला आणि किर्लोस्करवाडी वसवली. सांगलीच्या विश्रामबागेत 1947 पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. विहिरीवरचं डिझेल इंजिन हँडल मारून सुरू करण्यात इथल्या कित्येकांचं बालपण गेलं. अशा मुलखात धूर दिसला आणि मत दिलं नाही, तर घराण्याला कमीपणा येतो.

गंमत म्हणजे ज्याची गाडी, त्याला धूर दिसतच नाही. धुराचा साक्षीदार नेहमी मागे असतो. मोटरसायकलवाला ओव्हरटेक करून हातवारे करतो, तेव्हा मालकाला वाटतं, दारात बायकोचा पदर अडकलाय. पदर सापडत नाही. मग मेव्हण्याला मागे उभं करून रेस दिली जाते आणि मेव्हणा खोकत खोकत जाहीर करतो : निळा!

इथवर ठीक. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. पांढरा धूर थंडीतल्या सकाळी नुसती वाफ असू शकतो. गाडी तापल्यावरही येत राहिला, तर रेडिएटरचं पाणी सिलिंडरमध्ये उतरत असेल किंवा डिझेल न जळताच बाहेर पडत असेल. निळा म्हणजे ऑइल. जळक्या ऑइलचे थेंब इतके बारीक असतात की ते निळा प्रकाश जास्त विखुरतात. रंगाने गुन्हा कळतो, गुन्हेगार कळत नाही. पंचायत मात्र इथेच निकाल देऊन मोकळी होते.

आरोपी ठरलेलाच असतो. वाड्यात काहीही हरवलं की सगळे आधी नव्या भाडेकरूकडे बघतात, तसं आपल्याकडे धूर दिसला की टर्बोकडे बघतात. खरं तर हा भाडेकरू तसा जुनाच. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखीने 1905 साली त्याचं पेटंट घेतलं. सायलेन्सरकडे फुकट जाणाऱ्या गरम वायूंनी एक चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने हवा दाबून इंजिनात कोंबायची, एवढीच कल्पना. 1918 मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉसने विमानाचं इंजिन पाइक्स पीक या 14,000 फुटांवरच्या डोंगरावर चढवून टर्बोची करामत दाखवली, कारण वर हवा विरळ असते. महाबळेश्वर त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकंही उंच नाही. तरी तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण आठव्या हिश्शाने विरळ आहे. वाईहून पसरणीचा घाट पाच माणसं आणि सामान घेऊन लहानसं इंजिन हसतखेळत चढतं, त्याचं श्रेय टर्बोचं. ते त्याला कुणी देत नाही.

हा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. ऑइल येतं पंपाच्या दाबाने, पण परत खाली चेंबरात उतरतं ते केवळ स्वतःच्या वजनाने. साऱ्या भानगडीचं मूळ या उतरण्यात आहे. पिस्टन रिंगांच्या फटींतून थोडा वायू कायम खाली निसटतो आणि ब्रीदरच्या पाइपातून बाहेर पडतो. ब्रीदर काजळीने चोंदला की तो वायू चेंबरात कोंडतो, ऑइलला उतरायला वाट मिळत नाही आणि ते टर्बोच्या सिलांतून मिळेल तिकडे घुसतं. एअर फिल्टर धुळीने भरला, तरी टर्बोच्या तोंडाशी ओढ वाढून ऑइल खेचलं जातं. उसाच्या हंगामात शेतरस्त्यांनी फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर एकदा झटकून बघावा. अर्धा बांध त्यात निघतो.

आणि मग आपली दानशूर वृत्ती. 1962 साली अमेरिकेत ओल्ड्समोबाइल जेटफायर नावाची टर्बो मोटार आली. तिच्यासाठी पाणी आणि मेथॅनॉलचं खास मिश्रण वेगळ्या टाकीत भरावं लागे आणि मालक ते भरायला विसरत. आपल्याकडे विसरण्याची भीती नाही. गाडी ऑइल खाते असं कळलं की पट्टीवरची वरची खूण ओलांडून अर्धा लीटर जास्त ओतलं जातं, ‘असू दे, वाया थोडंच जातंय?’ वाया जात नाही. पातळी वाढली की परतीची वाट पुन्हा अडते आणि ते सायलेन्सरमधून सव्याज बाहेर पडतं.

म्हणून जाणता मिस्त्री रंग विचारत नाही, वेळ विचारतो. सकाळी पहिल्या स्टार्टला भपकन निळा धूर येऊन थांबत असेल, तर रात्रभर वॉल्वच्या सिलांतून ऑइल झिरपलेलं असतं. कासची फुलं बघून यवतेश्वरचा घाट पाय काढून उतरलात आणि तळाशी अ‍ॅक्सिलरेटर दाबताच मागे ढग उठला, तर पेट्रोल गाडीत संशय वॉल्व गाइडवर, कारण उतारावर बंद थ्रॉटलमागे निर्वात होऊन ऑइल ओढलं जातं. खंबाटकी चढताना सगळा वेळ धूर येत असेल, तर पिस्टन रिंगा. टोलनाक्यावरच्या रांगेत बराच वेळ उभं राहून निघताना लोट आला, तरच टर्बोची पाळी, आणि तिथेही वॉल्व सील सहआरोपी असतात.

‘टर्बो ऱ्हाऊ द्या वो, आधी झाकण काढा,’ असं मिस्त्री म्हणतो. चालू इंजिनचं ऑइलचं झाकण काढल्यावर वायू जोरात फुसफुसत आला, तर इंजिन ‘बॅक कॉम्प्रेशन मारतंय’. मग तो ब्रीदर साफ करतो, पट्टी बघतो, परतीचा पाइप दबलाय का ते तपासतो. शेवटी हवेचा पाइप काढून टर्बोचा दांडा बोटांनी हलवतो. आडवा किंचित हलला तर चालतं, ऑइलच्या थराला जागा लागतेच. पुढेमागे हलता कामा नये. पाइपात तेलकटपणा असणारच, कारण ब्रीदर तिथेच सुटतो. पण इंटरकूलरमधून कपभर ऑइल निघालं, तर प्रकरण गंभीर. डिझेल इंजिन तेच ऑइल इंधन म्हणून पिऊ लागलं, तर चावी काढून खिशात घातली तरी ते थांबत नाही, उलट भडकत जातं. तेव्हा ब्रेक दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडून त्याला बंद पाडावं लागतं. पंचायतीतलं कुणी त्या वेळी जवळ उभं राहत नाही.

काही मालक या सगळ्याला पीयूसीचा कागद दाखवून उत्तर देतात. त्या चाचणीत डिझेलच्या धुराचा गडदपणा मोजतात, पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन. ऑइल कुठून येतंय, हा रकाना त्यात नाही.

खरी परीक्षा दुरुस्तीनंतर असते. ब्रीदर साफ झाला, जास्तीचं ऑइल काढलं, बिलही माफक आलं. पण सायलेन्सरमध्ये आधी साचलेलं ऑइल जळून संपेपर्यंत धूर येतच राहतो. मिस्त्रीने हे बजावलेलं असतं. नेमकं त्याच आठवड्यात मिरजेला लग्न निघतं. गाडी कार्यालयाच्या दारात निळा लोट सोडून उभी राहते. मालक ब्रीदरची हकिगत पहिल्यापासून सांगू लागतो, पण ऐकतंय कोण? आत मंगलाष्टकं सुरू असतात आणि नवरदेवाचे काका अक्षता डाव्या मुठीत घेऊन उजव्या हाताने बॉनेट उघडायची खूण करत असतात.