वाचलेला वेळ गेला कुठं?

अमरावती-अकोला रस्त्यानं २०२२च्या जूनमध्ये गिनेस बुकात नाव लिहवून घेतलं. ७५ किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी थर सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकून झाला. आधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा. तिथं २५ किलोमीटरला दहा दिवस लागले होते. मुहूर्त टळल्याशिवाय वरात मांडवात शिरत नाही त्या वऱ्हाडात हे घडलं, याची खरं तर वेगळी नोंद व्हायला हवी होती.

तेव्हापासून इथं वेळ वाचू लागला. वाचलेल्या वेळाचं अमरावतीकर काय करतो, हे पाहायला कुठल्याही टपरीवर उभं राहावं. "दीड घंट्यात आलो ना बाप्पा अकोल्याहून!" मग गाडी कोणाची, ट्रक किती आडवे आले, पोलीस कुठं उभा होता, सारं तपशिलात होतं. चहा येतो. गिला वडा येतो, दही कमी म्हणून परत जातो. वाचलेला अर्धा घंटा संपतो आणि वर पाऊण घंट्याची उधारी चढते. घरून फोन येतो.

"हा काय, पोचूनच राह्यलो!"

याच रस्त्यावरच्या मूर्तिजापुरातून अचलपूरला शकुंतला निघायची. अडीच फुटी रुळांवरची ही गाडी किलिक निक्सन या इंग्रज कंपनीनं आणली, ती वऱ्हाडचा कापूस वाहायला. कापूस मँचेस्टरला गेला, १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन मँचेस्टरहून आलं, आणि पार १९९४च्या एप्रिलपर्यंत राबलं. ७६ किलोमीटरला साधारण चार तास लागायचे. उतारावरची सायकल पुढं जावी. तिकिटं गार्डच द्यायचा. नाव घेतलं वाट पाहणाऱ्या बाईचं, वाट मात्र प्रवाशांनी पाहायची.

पण चार तास म्हणजे वऱ्हाडी माणसाला भरपूर. लाखपुरीला आडनाव विचारून होतं, बनोश्याला गाव. कापूसतळणीपर्यंत दूरचं नातं निघतं, आणि पानमळ्यांचं अंजनगाव येईस्तोवर एखाद्या पोरीची पत्रिका डब्यात फिरू लागते. शिवाय गाडीच्या संथपणाला शिव्या घालायच्या, हे सामुदायिक काम उरतंच. डांबरी रस्त्यावर ताशी ऐंशीनं जाताना शेजारच्या सीटवरचा माणूस कोण, हे टोलनाक्यापर्यंतही कळत नाही.

गाडी बंद पडली तशी शिव्या घालणारेच तिच्यासाठी सत्याग्रहाला बसले. मागणी ब्रॉडगेजची आहे आणि ती रास्तच आहे. त्यातल्या एखाद्या काकांना विचारावं, कशी पाहिजे नवी गाडी?

"एकदम फास्ट पायजे. पाऊण घंट्यात अचलपूर!" काका म्हणतात. "फक्त थांबे सगळे ठेवा म्हणा. अन् कापूसतळणीले जरा जास्त वेळ. तिथं माही बहीण हाय."