शून्य रुपयांचं तिकीट

आमचे तात्या शहात्तर वर्षांचे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी २०२२पासून फुकट. तरीही कंडक्टर तिकीट फाडून देतो. त्यावर रक्कम: शून्य. तात्या ते चष्म्याच्या डबीत जपून ठेवतात. चेकर चढला तर दाखवायला हवं ना! शून्याचाही हिशोब असतो, हे एसटीला कळतं.

मग एके दिवशी तात्यांच्या छातीत कळ आली आणि आम्ही महात्मा फुले जनआरोग्य योजनेत शिरलो. वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार, खिशाला हात न लावता. काउंटरवर रेशनकार्ड दाखवलं, आधार दाखवलं, तात्यांचा फोटो निघाला, तीन कागदांवर सह्या झाल्या. कागद इंग्रजीत. इतके पारदर्शक की त्यात आम्हाला काहीच दिसलं नाही.

मंजुरी येईपर्यंत थोडं डिपॉझिट भरा, म्हणाले. मंजुरी आली. मग योजनेत 'न बसणाऱ्या' गोष्टी सुरू झाल्या. दोन इंजेक्शनं बाहेरून आणा. ही तपासणी वेगळी. पावती मागितली तर चिठोऱ्यावर आकडा मिळाला. शिक्का नाही, सही नाही.

डिस्चार्जच्या दिवशी मी बिल मागितलं. हळदीकुंकवाला आलेल्या पुरुषाकडे बघावं तसं काउंटरवरच्या मुलीने माझ्याकडे बघितलं.

"काका, योजनेच्या पेशंटला बिल नसतं."

"मग सरकारला काय पाठवता?"

"क्लेम."

"तो दाखवा."

"तो ऑनलाइन असतो."

"ऑनलाइन दाखवा."

"तो तुमच्यासाठी नसतो."

म्हणजे नवरदेव तात्या, आहेर सरकारचा आणि आहेराची वही मांडववाल्याकडे! पॅकेजात औषधं, तपासण्या, जेवण, एवढंच काय, घरी जायचं एसटीचं भाडंसुद्धा धरलेलं असतं. (तात्यांचं भाडं शून्यच, तेव्हा त्यावर मी उदार मनाने पाणी सोडलं.) पण बाहेरून आणलेली इंजेक्शनं सरकारच्या खात्यावरही चढली का, हे विचारायचं कशाच्या जोरावर? तक्रारीला कागद लागतो. आमच्याकडे चिठोरा.

आपली योजना ज्या आयुष्मान भारतशी जोडलेली आहे, तिची वही कॅगने उघडली. २०२३ साली संसदेत मांडलेल्या त्या अहवालात ७,४९,८२० लाभार्थ्यांचा मोबाइल नंबर एकच: दहा वेळा नऊ. पडताळणीत नंबराचं काही काम नसतं, असा सरकारी खुलासा झाला. बरोबरच आहे. रुग्णाला काही कळवायचंच नसेल, तर नंबर कुठलाही चालतो.

त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे. उपचार चालू असताना वारलेल्या ८८,७६० रुग्णांच्या नावे पुढेही नव्या उपचारांचे २,१४,९२३ दावे चुकते झालेले दिसतात. गेल्यावरही उपचार घेणारा आणि कधीच बिल न मागणारा; आदर्श लाभार्थी म्हणतात तो हाच.

माझी मागणी एका पानाची आहे, तीही मराठीत. कुठलं पॅकेज लावलं, किती दिवस ठेवलं, सरकारकडे किती मागितले, रुग्णाकडून किती घेतले. ऑडिटर नेमायची गरज नाही. कोथिंबिरीच्या जुडीसाठी बाजाराला दोन फेऱ्या मारणारे तात्या ते पान रात्रभर जागून तपासतील, फुकटात.

घरी जाताना कंडक्टरने नेहमीसारखं शून्याचं तिकीट दिलं. या वेळी तात्यांनी ते डबीत ठेवलं नाही. हॉस्पिटलच्या फायलीत, सगळ्यात वर लावलं.

"असू दे," म्हणाले, "एक तरी पक्की पावती."