गोणीचे शंभर वेगळे

कुंभार पिंपळगावहून एसटीत बसलं, की तिकिटात एक रुपया अपघात सहाय्यता निधीचा. २०१६ पासून एसटी तो उघड घेते. बिचारीला लपवाछपवी जमत नाही. परतूरहून रेल्वेनं जावं, तर ऑनलाइन तिकिटावर 'सुविधा शुल्क'. नाव, वय, बर्थ सगळं आपणच भरायचं, वर आपल्याच बोटांची मजुरीही आपणच द्यायची. तिकीट रद्द केलं तरी ती परत नाही.

पण खरी कला खासगी ट्रॅव्हल्सवाल्यांची. दिवाळीनंतर पुण्याला निघालो. मोबाइलवर भाडं आठशे, पैसे भरेपर्यंत नऊशे चाळीस. गाडीशी गेलो तर क्लीनर माझ्या मोसंबीच्या गोणीवर पाय ठेवून म्हणाला, "काका, डिकीचे शंभर वेगळे." पावती मागितली, तर आधी गोणीकडं, मग माझ्याकडं बघून हसला. खासगी भाडं एसटीच्या दीडपटीच्या वर नको, असा शासन निर्णय २०१८ चाच आहे. त्यात गोणी धरलेली नसावी.

पुण्यात उतरताना त्यानं चार मोसंब्या 'चाखायला' काढून घेतल्या. त्याचा आकार मात्र लावला नाही.